डावं टोक

दलाल स्ट्रीट, 8 जानेवारी 2008. सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला. 14 महिन्यांनी, 9 मार्च 2009 ला, तो 8,160 वर होता. आणि 2013 सरलं तेव्हा 21,170.

गुंतवणुकीची पद्धत अगदी साधी धरू: निर्देशांक घ्यायचा आणि हात लावायचा नाही. बॅकटेस्ट, म्हणजे पद्धत जुन्या भावांवर चालवून बघणं, त्या जानेवारीपासून सुरू केली, तर सहा वर्षांत पदरात दीड टक्काही पडत नाही. वर्षाला नव्हे, एकूण! त्या मार्चपासून सुरू केली, तर वर्षाला सुमारे 22 टक्के. लाभांश दोन्हीकडे सोडून दिलाय. म्हणून कोणी ‘पाच वर्षांत अडीचपट’ असा आलेख पुढे केला, की मी आधी त्याचं डावं टोक, म्हणजे सुरुवातीची तारीख, बघतो.

आता मागच्या 200 दिवसांच्या भावांची सरासरी घेऊ. भाव तिच्या वर असेल तर आत, खाली गेला की बाहेर. 2008 पासून मोजलं तर ही पद्धत शहाणी दिसते, कारण पडझडीचा बराच काळ ती बाहेर बसून काढते. 2009 च्या तळापासून मोजलं तर तीच मठ्ठ. तळाशी भाव सरासरीच्या खालीच असतो. ती आत शिरेपर्यंत नुसता धरून बसलेला पुढे निघून गेलेला असतो.

इथवर तेजी-मंदीचा खेळ झाला. खरी गंमत याहून बारीक आहे, आणि तिच्यात कोणाची लबाडीही नसते. समजा, एका वेळी दहाच शेअर ठेवायचे असा नियम आहे. सोमवारी सुरुवात केली, दहा सिग्नल, म्हणजे नियमानुसार खरेदीचे इशारे, आले, जागा भरल्या. गुरुवारी अकरावा आला, तो सोडावा लागला. बुधवारी सुरुवात करणाऱ्याकडे जागा मोकळ्या होत्या. त्याने तो घेतला. तोच पुढे तिप्पट झाला तर? त्याचं भांडवल वाढलं, पुढची प्रत्येक खरेदी मोठी झाली, जागाही वेगळ्या दिवशी रिकाम्या झाल्या. नियम अक्षर न् अक्षर तेच, पण वर्षभराने दोघांच्या वह्या एकमेकींना ओळखणार नाहीत.

उपाय आहे, कंटाळवाणा आहे. तीच बॅकटेस्ट 250 वेळा चालवायची, दर वेळी सुरुवात एक दिवस पुढे ढकलून. वर्षात बाजाराचे दिवस साधारण तेवढेच. सरासरीसाठी त्याआधीचे 200 दिवसांचे भाव हाताशी हवेत, नाहीतर सुरुवातीला सिग्नलच मिळत नाहीत. मग सगळे परतावे चढत्या क्रमाने मांडायचे. मधला आकडा बघायचा, आणि सगळ्यात खालचाही.

मी खालचा आधी बघतो.