रुळाच्या पोटातला ताण

नागपुरातल्या अजनीजवळचा हा रूळ. मे महिन्यातली दुपार, पारा 45 अंशांकडे चाललेला. ट्रॅकमन अल्ट्रासोनिक ट्रॉली ढकलत निघालेत. प्रोबखाली पाण्याची बारीक धार सुटते, तिच्यातून ध्वनिलहरी पोलादात उतरतात. आत कुठे तडा असला की पडद्यावर उभी रेघ उठते.

पण तडा ही फार पुढची गोष्ट. पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून आतून ओढलेलं असतं. कारखान्यात तापलेला रूळ निवताना वाकतो, म्हणून तो रोलरांमधून काढून सरळ करतात. दिसायला सरळ होतो, पण माथा आणि तळ ताणलेले राहतात, मधला उभा भाग दाबलेला. गाडी नसतानाही हा ताण तिथेच मुक्कामाला असतो. नागपुरात तर दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात. चाकांचा मार पडतो तो या आधीच ताणलेल्या पोलादावर.

मोजायची जुनी रीत अशी: तळाला स्ट्रेन गेज, म्हणजे लांबीतला बारीक बदल टिपणारी पट्टी, चिकटवायचा, तेवढा काप करवतीनं काढायचा आणि मोकळं झालेलं पोलाद किती आखडलं ते वाचायचं. उत्तर मिळतं, पण रूळ जातो.

न कापता मोजायचं, तर मोजपट्टी पोलादातच आहे: अणूंच्या थरांमधलं अंतर. ते वाचायला न्यूट्रॉनचा, म्हणजे अणुगर्भातल्या विद्युतभार नसलेल्या कणांचा, झोत सोडतात आणि थरांवरून तो कुठल्या कोनात परततो ते पाहतात. लोखंडात त्यासाठी नेहमी निवडतात त्या थरांमध्ये हे अंतर सुमारे 0.117 नॅनोमीटर असतं. 200 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण आला की साधारण हजारात एक भाग वाढतं. थरांतलं अंतर आणि हा कोन यांची सांगड घालणाऱ्या ब्रॅगच्या नियमाप्रमाणे, 90 अंशांच्या आसपास पकडलेला न्यूट्रॉनचा झोत तेवढ्यानं जेमतेम 0.1 अंश सरकतो. एवढ्याशा सरकण्यावरून पोलादाच्या गाभ्यातला ताण कळावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

प्रयोगशाळेतले नेहमीचे क्ष-किरण पोलादाच्या अगदी वरच्या थरापुरतेच. न्यूट्रॉन काही सेंटीमीटर आत जातात, पण त्यांना अणुभट्टीसारखा स्रोत लागतो. आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याची (ट्रॉम्बे) ‘ध्रुव’ ही अणुभट्टी, 1985 पासूनची. तिथे न्यायचा तुकडाही पुरेसा लांब हवा, कारण कापलेल्या टोकांशी ताण निसटून जातो.

खरी कसोटी पुढेच आहे. वाढ मोजायची म्हणजे ताण नसतानाचं अंतर माहीत हवं. त्यासाठी त्याच जातीच्या रुळातून छोटा ठोकळा कापून मोकळा करतात. त्या अंतरात दहा हजारात एक भागाची चूक झाली, तर ताणाचा आकडा 20 मेगापास्कलनं हुकतो. शिवाय रुळाच्या पृष्ठभागाजवळ कार्बन कमी असतो, त्यामुळेही अंतर बदलतं. म्हणून ज्या खोलीवरचा ताण हवा, ठोकळाही त्याच खोलीवरून काढतात.