रोळी घातलेले छायाचित्र

पडद्यावर दिसणारा हा वाहनपरवाना ऑस्ट्रियाचा आहे आणि छायाचित्रातील निको आल्म यांच्या डोक्यावर आहे ती स्वयंपाकघरातली, शेवया निथळण्याची रोळी. अधिकृत छायाचित्रात डोके झाकण्याची मुभा तिथे धार्मिक कारणासाठीच मिळते, हे वाचल्यावर आपण पास्ताफेरियन, म्हणजे उडत्या स्पॅगेटी (शेवयांसारखा पास्ता) दैवताला मानणाऱ्या पंथाचे, असल्याचे सांगून आल्म यांनी अर्ज केला. त्यांना वाहन चालवण्यास मानसिकदृष्ट्या योग्य असल्याची वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागली आणि सुमारे तीन वर्षांनी, २०११ मध्ये, परवाना हाती आला. चेहरा पूर्ण दिसतो म्हणून छायाचित्र मान्य केले, धर्म म्हणून नव्हे, असे पोलिसांनी स्पष्ट केले.

आल्म ज्या पंथाचे नाव सांगत होते, त्याचा जन्म २००५ मध्ये एका पत्रातून झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळात तेव्हा उत्क्रांतीच्या सिद्धांतावर शंका घेणारी, सजीवांच्या जडणघडणीमागे कोणी बुद्धिमान योजक असलाच पाहिजे असे मानणारी भूमिका विज्ञानाच्या अभ्यासक्रमात आणण्याचा वाद पेटला होता. ओरेगन राज्य विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या बॉबी हेंडरसन या चोवीस वर्षांच्या तरुणाने मंडळाला लिहिले की, योजक शिकवायचाच असेल, तर विश्व एका उडत्या स्पॅगेटी दैवताने निर्माण केले या श्रद्धेलाही वर्गात तेवढाच वेळ मिळाला पाहिजे. त्याची मागणी अशी होती की वेळेचे तीन समान भाग करावेत: एक बुद्धिमान रचनेला, एक स्पॅगेटी दैवताला आणि एक डोळ्यांसमोरच्या भक्कम पुराव्यांवर आधारलेल्या तर्काला.

पत्रासोबतचे हे चित्र पाहा. डोंगर, झाडे, एक बुटका माणूस आणि वर शेवयांचे हात पसरलेले दैवत. चित्राहून अधिक लक्ष द्यावे असा हा आलेख आहे. एकोणिसाव्या शतकापासून समुद्री चाच्यांची संख्या घटत गेली आणि पृथ्वीचे तापमान वाढत गेले. म्हणून चाचे कमी झाल्यामुळेच तापमान वाढले, असा निष्कर्ष हेंडरसन काढतो. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते, ही चूक विज्ञानाच्या वर्गात मुलांनी ओळखायला शिकावी, आणि नेमके तेच शिक्षण धोक्यात आले होते. पुराव्यांनी एखाद्या वस्तूचे कोणतेही वय सुचवले, तरी दैवत आपल्या शेवयांच्या हाताने मोजमापच बदलून टाकते, असेही पत्रात आहे. जे विधान कोणत्याही पुराव्याने खोटे ठरूच शकत नाही, त्याला विज्ञान म्हणता येत नाही, हे इतक्या सोप्या रीतीने सांगणारे दुसरे उदाहरण सापडणे अवघड आहे. हेंडरसनचा आक्षेप श्रद्धेवर नव्हता. श्रद्धेने विज्ञानाचा वेश घेण्यावर होता. म्हणूनच हे पत्र पोरकटपणा म्हणून बाजूला सारणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

हेंडरसनने पत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवले आणि ते जगभर वाचले गेले. मंडळाने मात्र नोव्हेंबर २००५ मध्ये विज्ञान अभ्यासक्रमाची वादग्रस्त मानके ६ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारली आणि निवडणुकीनंतर बदललेल्या मंडळाने २००७ मध्ये ती मागे घेतली.

न्यायालयांनी या पंथाला फारशी साथ दिली नाही. २०१६ मध्ये नेब्रास्कातील एका संघीय न्यायाधीशांनी आणि २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याला धर्म मानण्यास नकार दिला.

आता समोर दिसणारे पाणी न्यूझीलंडमधील आकारोआचे आहे. तिथल्या विवाह कायद्यात धार्मिक श्रद्धांबरोबरच तात्त्विक आणि मानवतावादी निष्ठा जपणाऱ्या संस्थांनाही स्थान आहे. त्यामुळे २०१५ च्या अखेरीस या पंथाला विवाह लावण्याची परवानगी मिळाली. एप्रिल २०१६ मध्ये, चाच्यांच्या वेशातील पाहुण्यांनी भरलेल्या या बोटीवर, त्या परवानगीनुसार पहिला विवाह झाला. वधूवरांनी एकमेकांच्या बोटांत घातलेल्या अंगठ्या पास्त्याच्या आहेत.