रणांगण न मिळालेला जनरल

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन जनरल म्हटलं की आपल्याला पॅटन, मॅकआर्थर, आयझेनहॉवर अशी नावं आठवतात. आज मात्र मला ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याने जनरल झाल्यावर एकाही लढाईत सैन्याचं नेतृत्व केलं नाही, आणि तरी दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा सगळ्यात मोठा जनरल तोच असं माझं ठाम मत आहे. जॉर्ज मार्शल.

जन्म १८८० चा, पेनसिल्व्हेनियातला. वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकेच्या नामांकित लष्करी अकादमीत, गेलाच नाही, व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून १९०१ ला बाहेर पडला. मॅकआर्थरचा जन्मही १८८० चाच, पण तो १९१८ मध्येच ब्रिगेडियर जनरल झाला आणि १९३० ला लष्करप्रमुख, आणि आमच्या मार्शलला ब्रिगेडियर जनरल व्हायला १९३६ उजाडलं, म्हणजे वय ५५! मधल्या काळात काय, तर पहिल्या महायुद्धात हंगामी कर्नल झालेला माणूस युद्ध संपल्यावर परत कॅप्टन, मग लगेच मेजर, आणि पुढे वर्षानुवर्षं स्टाफची, म्हणजे मुख्यालयात बसून नियोजनाची, कामं. काम इतकं चोख करायचा की वरिष्ठ त्याला स्टाफवरून सोडायलाच तयार नसायचे, आणि लढाईतली कमांड नाही म्हणून बढती रखडायची.

१९१७ चा ऑक्टोबर, फ्रान्स. फ्रान्समधल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख जनरल पर्शिंग तपासणीला आले आणि मार्शलच्या डिव्हिजनच्या जनरलला सगळ्यांसमोर झापायला लागले. मार्शल तेव्हा साधा स्टाफ अधिकारी. पर्शिंग वळून निघाले तर याने चक्क त्यांचा दंड धरला आणि अडचणी काय आहेत, हेडक्वार्टर्सकडून काय काय मिळालेलं नाही, ते धडाधड सांगून टाकलं. बरोबरच्यांना वाटलं, संपलं याचं करिअर. पण पर्शिंगने पुढे त्यालाच आपला एड-द-कॅम्प, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, म्हणून पाच वर्षं जवळ ठेवलं. मला या प्रसंगात मार्शलइतकाच पर्शिंगही मोठा वाटतो, कारण खरं बोलणारा ज्युनिअर जवळ ठेवायलाही छाती लागते.

नोव्हेंबर १९३८ ला व्हाइट हाऊसमध्ये पुन्हा तेच. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना दहा हजार विमानं हवी होती, पण ती उडवायला माणसं, जमिनीवरचं सैन्य, दारूगोळा यांचा हिशोबच नव्हता. सगळे माना डोलावतायत, आणि मार्शलला विचारल्यावर तो सरळ म्हणाला, मला हे अजिबात पटत नाही. बाहेर पडताना सहकाऱ्यांनी जवळजवळ निरोपच दिला त्याला. आणि पुढच्याच वर्षी रूझवेल्टनी त्यालाच लष्करप्रमुख केलं. शपथ घेतली १ सप्टेंबर १९३९ ला, ज्या दिवशी हिटलरने पोलंडवर हल्ला केला त्याच दिवशी.

तेव्हा अमेरिकेचं सैन्य दोन लाखांच्या आत होतं. १९४५ ला ते ८० लाखांच्या वर गेलं. एवढी भरती, ट्रेनिंग, शस्त्रं, जहाजं, वर काँग्रेसची मंजुरी, हे सगळं याच माणसाच्या डोक्यावर. आणि माणसं पारखायची नजर बघा. फोर्ट बेनिंगच्या इन्फंट्री स्कूलमध्ये असताना हा अर्धवट नकाशे देऊन विद्यार्थ्यांना सराव करायला लावायचा, कारण खऱ्या लढाईत पूर्ण माहिती कधीच हातात नसते. पुढे महायुद्धात नावाजलेले जनरल ब्रॅडली, स्टिलवेल तिथे त्याच्या हाताखाली शिकवत होते. पर्ल हार्बरनंतर आठवड्याभरात आयझेनहॉवरला वॉशिंग्टनला बोलावून घेतलं तेही यानेच.

आणि मग १९४३. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायच्या स्वारीची कमांड मार्शललाच मिळणार असं जवळपास सगळेच धरून चालले होते, आणि त्यालाही ती मनापासून हवी होती. डिसेंबरमध्ये कैरोला रूझवेल्टनी त्याला विचारलं, तुला काय हवंय? एका शब्दाने मागितली असती तर मिळाली असती. त्याने मागितली नाही, देशासाठी जे योग्य ते तुम्ही ठरवा म्हणाला. रूझवेल्ट म्हणाले, तू वॉशिंग्टनला नसलास तर मला झोप लागणार नाही. आयझेनहॉवरची नेमणूक झाल्याचा स्टालिनला जाणारा संदेश मार्शलनेच स्वतःच्या हाताने लिहिला, रूझवेल्टनी खाली सही केली, आणि तोच कागद मार्शलने आयझेनहॉवरला आठवण म्हणून पाठवून दिला! हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल, परराष्ट्रमंत्री, युद्धाने मोडलेल्या युरोपला उभं करायची १९४७ ची मार्शल योजना, १९५० ला कोरियाच्या युद्धात संरक्षणमंत्री, ज्यासाठी काँग्रेसला खास कायदा करावा लागला कारण नुकत्याच लष्करात असलेल्या माणसाला ते पद द्यायला बंदी होती, आणि १९५३ ला शांततेचं नोबेल.

आत्मचरित्र त्याने लिहिलं नाही, पैशांच्या ऑफर्स येऊनसुद्धा. पण शेवटच्या वर्षांत एका इतिहासकाराशी तो टेपवर सविस्तर बोलला, आणि त्या मुलाखती आज ऑनलाइन वाचायला मिळतात. लष्करात कुणी असेल घरात, किंवा जायची तयारी करत असेल, तर त्याला त्या नक्की वाचायला सांगा. नमस्कार.