चौघांची समान वाटणी

मंडळी, ५ एप्रिल १९८०ची रात्र. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथं एका जुन्या, प्रार्थना बंद झालेल्या चर्चमध्ये काही तरुण भाड्यानं राहत होते. त्या रात्री तिथं वाढदिवसाची पार्टी होती, आणि चार पोरं पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवायला उभी राहिली. या रॉक बँडचं नावही ठरलेलं नव्हतं. 'आर.ई.एम.' हे नाव त्यांनी नंतर शब्दकोश चाळताना उचललं.

मायकल स्टाइप कलेचा विद्यार्थी. पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला. दोघांची ओळख त्या दुकानातलीच. माइक मिल्स आणि ड्रम वाजवणारा बिल बेरी हे मेकन गावचे शाळासोबती.

आता मला खरं सांगायचंय ते असं. या चौघांनी एक नियम केला. गाणं कुणालाही सुचलेलं असो, श्रेय चौघांच्या नावावर आणि पैसेही चौघांत सारखे. शिवाय एकाचा जरी नकार आला, तरी ती गोष्ट करायची नाही. भावाभावांत बांधावरून डोकी फुटतात हे आपण बघतोच. बँडही बहुधा याच वाटणीपायी फुटतात. यांनी तो प्रश्न आधीच मिटवून टाकला आणि मग सगळं लक्ष गाण्याकडे दिलं.

पहिलं गाणं, 'रेडिओ फ्री युरोप', १९८१ साली एका अगदी छोट्या कंपनीनं काढलं. मग व्हॅनमध्ये सामान भरून गावोगावी कार्यक्रम. मोठी रेडिओ केंद्रं दाद देत नव्हती, पण कॉलेजांच्या रेडिओवरची मुलं यांची गाणी लावत राहिली. १९८३ साली 'मर्मर' हा अल्बम आला. स्टाइप शब्द असे पुटपुटतो की अर्धे कळतच नाहीत, आणि बक गिटारच्या तारा एकेक सुटी छेडतो. मला तर शब्द न कळताही ते गाणं आत उतरतं. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' जगभर गाजत असताना 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला.

पुढची आठ वर्षं ते पायरी पायरीनं चढले. बकनं मेंडोलिन विकत घेतलं होतं. टीव्हीसमोर बसून शिकता शिकता त्याच्या बोटांतून एक सुरावट निघाली. तीच १९९१चं 'लूझिंग माय रिलिजन'. हा तिकडच्या दक्षिणेतला वाक्प्रचार आहे, धर्माशी त्याचा संबंध नाही. संयम सुटणं एवढाच अर्थ. मेंडोलिनवर उभं असलेलं, ठसठशीत ध्रुवपद नसलेलं हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं!

१९९५मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कार्यक्रम चालू असताना बेरीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तो वाचला, पण १९९७ साली त्यानं थांबायचं ठरवलं. जाण्याआधी त्यानं तिघांना सांगितलं, मी गेल्यावर तुम्ही बँड मोडणार असाल तर मी जात नाही. तिघांनी वाजवत राहायचं कबूल केलं, तेव्हाच तो गेला. पुढे ड्रम वाजवायला माणसं आली. पण चौथा सभासद म्हणून त्यांनी कुणालाच घेतलं नाही, अगदी २०११ साली बँड थांबला तोवर.