आवाज वाऱ्यावर सोडू नका

विद्यार्थी मित्रांनो, आणि त्यांना घेऊन लघुपट करू पाहणाऱ्या सर-बाईंनो, आज मी कॅमेऱ्याबद्दल कमी बोलणार आहे. नववी-दहावीच्या मुलांना घरातला जो फोन वापरायला मिळतो, त्यात लघुपटापुरता कॅमेरा असतोच. किनाऱ्यावरच्या शाळांचे लघुपट फसतात ते आवाजात. मागे छान समुद्र दिसतो आणि पात्रं बोलू लागली की नुसती घरघर. चित्र थोडं हललं तरी बघणारा चालवून घेतो, पण संवाद कळला नाही की त्याचं लक्ष उडतं.

ही घरघर म्हणजे समुद्राची गाज नव्हे. वारा माईकच्या आतल्या पातळ पडद्यावर थेट आदळतो आणि पडदा त्या धक्क्यानं थरथरतो. त्यात फोन बोलणाऱ्यापासून सात-आठ फुटांवर असतो. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर बोलण्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, वारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून पहिला उपाय माईक जवळ नेण्याचा. साधा वायरचा कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, सदऱ्याच्या आतून लावा. कडक इस्त्रीचा गणवेश माईकला घासून खरखरतो, तेव्हा जुना, मऊ धुतलेला सदरा घाला. वायरला एक वेटोळं देऊन ती आतून चिकटपट्टीनं बसवा, म्हणजे हालचालीचा ताण माईकपर्यंत जात नाही.

माईकवरची स्पंजची टोपी श्वासाचे फटकारे अडवते, समुद्रावरचा वारा नाही. त्याला केसाळ कापड लागतं. जुन्या टेडीचं कापड कापून स्पंजवर सैल टोपीसारखं शिवा. त्या केसांत वाऱ्याचा जोर माईकपासून थोडा अलीकडेच मोडतो.

माईक जोडला म्हणजे तो चालू आहे असं समजू नका. काही माईकची पिन कॅमेऱ्यासाठी असते. फोनला ती बसते, पण रेकॉर्डिंग फोनच्याच माईकवरून होत राहतं. चाचणी सोपी आहे: रेकॉर्डिंग सुरू करून आधी फोनच्या पाठीवर बोटानं टकटक करा, मग कॉलर माईकवर. हेडफोन लावून ऐका. जी टकटक मोठी, तोच माईक चालू. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेमका चांगला टेक चालू असताना कोणाचा तरी कॉल येतो.

माईक नसेल तर दुसरा फोन पात्राच्या खिशात ठेवून त्यावर आवाज घ्या. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये हात भिडल्याची फ्रेम आणि टाळीचा आवाज एकावर एक आणले की ओठ जुळतात. टेक दोन मिनिटांच्या आत ठेवा. फोन सेकंदाला सारख्या फ्रेम घेतोच असं नाही, त्यामुळे लांब टेकमध्ये आवाज हळूहळू सरकतो.

वेळेचं गणित तुम्ही भूगोलात शिकलाच आहात. रात्री मतलई वारे, दिवसा खारे वारे. एक संपून दुसरा सुरू होण्याआधी, सकाळी उन्हं वर येताना, वारा बराच पडतो. संवाद तेव्हा घ्या. दुपारी खारा वारा जोरात असतो. तेव्हा संवाद नसलेले शॉट घ्या, किंवा किनारा सोडून एखाद्या घराच्या मागल्या पडवीत जा. सुरूच्या बनात जाऊ नका, तिथे सावली असली तरी सुरूची सळसळ संवादावर बसते. जिथे शूटिंग कराल तिथला नुसता आवाज, कोणीही न बोलता, 30 सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. दोन टेक जोडताना मधली पोकळी भरायला तोच लागतो.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: पाणी. एका शॉटमध्ये पात्राच्या मागे ओली वाळू आणि पुढच्यात गुडघाभर पाणी, असं हमखास होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. राहिलेला शॉट दुसऱ्या दिवशी त्याच वेळी घ्यायला गेलात तर उजेड जुळेल, पाणी जुळणार नाही. पंधरवडा थांबावं लागेल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी कमी चढतं-उतरतं, म्हणून लांबणारा प्रसंग तेव्हा ठेवा.

विषय निवडताना माझा आग्रह एकच: जे दिसतं आणि ऐकू येतं ते घ्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. तिच्यावर तीन मिनिटांचा माहितीपट सुंदर होतो, पण रापण तुमच्यासाठी दुसऱ्यांदा ओढली जात नाही. होडीतून जाळं पडताना एक लांबचा शॉट, दोर ओढणाऱ्या हातांचा जवळचा, वाळूत रुतणाऱ्या पायांचा, आणि शेवटी जाळ्याचं पोट किनाऱ्याला लागताना सगळ्यांचे चेहरे. कोण कुठे उभं राहणार ते आदल्या दिवशी कागदावर ठरवा, रापणकरांना विचारा आणि दोराच्या आतल्या बाजूला उभे राहू नका. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद हलवू नका.

चित्राबद्दल थोडक्यात. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश लॉक करा, नाहीतर उजळ आकाश चौकटीत येताच चेहरा काळवंडतो. वर्गात ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर शटरचा वेग 1/50 सेकंदावर आणा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, तिच्याशी ते जुळतं. खाऱ्या हवेनं लेन्सवर धूसर थर बसतो, दर अर्ध्या तासानं मऊ सुती कापडानं पुसा.

एडिटिंगमध्ये पार्श्वसंगीत शेवटी घाला आणि संवाद चालू असताना ते पुष्कळ खाली ठेवा. हेडफोनवर नीट वाटलेलं मिश्रण सभागृहाच्या भोंग्यावर वेगळंच लागतं. दाखवण्याच्या आदल्या दिवशी त्याच भोंग्यावर संपूर्ण लघुपट वाजवून मागच्या बाकावर बसून ऐका, आणि जो संवाद कळत नाही त्याखाली अक्षरं टाका.