बीपीची गोळी आणि रक्तवाहिन्यांना सूज: हायड्रॅलाझिनची भानगड

बीपीची गोळी चालू आहे, बीपीही आटोक्यात आहे, पण गेले काही महिने माणूस ढेपाळलाय, सांधे धरतायत, बारीक ताप येतो नि जातो, वजन उतरलंय. मग एक दिवस खोकल्यातून रक्त पडतं, दम लागतो, एक्स-रेमध्ये डाग दिसतात, सगळे म्हणतात न्यूमोनिया, अँटिबायोटिक सुरू होतात. फरक काही पडत नाही. आणि तेवढ्यात कळतं की क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारा कचरा, तोपण वाढलाय.

अशा वेळी डॉक्टर हमखास विचारतात, "नवीन काही औषध सुरू केलंय का?" पेशंट अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "नाही हो, जुनीच आहेत सगळी." इथेच गाडी चुकते, कारण आज ज्या औषधाबद्दल बोलतोय ते कित्येक महिने, कित्येक वर्षं गुपचूप चाललेलं असतं आणि मग उलटतं.

औषधाचं नाव हायड्रॅलाझिन. आता लगेच घाबरून स्वतःची गोळी बंद करू नका बरं का, आधी पाकिटावरचं नाव वाचा. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही वेगळी औषधं, मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये. हायड्रॅलाझिन 1950 च्या दशकातलं जुनं औषध, आज पहिल्या पसंतीचं नाही, पण बाकीच्या गोळ्यांनी बीपी ऐकत नसेल, किडनीमुळे दुसरी औषधं देता येत नसतील, किंवा हार्ट फेल्युअरमध्ये नायट्रेटच्या जोडीला, तेव्हा देतात. गरोदरपणात बीपी एकदम चढलं तरी वापरतात, पण ते थोड्या काळासाठी, त्यामुळे त्या बायकांनी हा व्हिडिओ बघून झोप उडवून घेऊ नका.

आता आत काय होतं ते बघू. आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, जंतूंशी लढणाऱ्या, आणि त्यांच्या पोटात मायलोपेरॉक्सिडेज म्हणजे एमपीओ, आणि पीआर-3 अशी जहाल एन्झाइम भरलेली असतात. काही लोकांत हायड्रॅलाझिनमुळे इम्यून सिस्टिमची गफलत होते आणि शरीर या स्वतःच्याच एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं, त्यांना म्हणतात अँका. या अँका न्यूट्रोफिलला चिकटल्या की ते भडकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरच तुटून पडतात, हाच व्हॅस्क्युलायटिस. सगळ्यात नाजूक जाळं कुठे असतं? किडनीच्या गाळण्यांत आणि फुप्फुसांत. म्हणून मार तिथेच बसतो. कधी पायांवर लालजांभळे ठिपके उठतात, जे दाबले तरी फिके होत नाहीत.

हे औषध असं का करतं? एक म्हणजे डीएनएवर मिथिलेशन नावाची जी कुलपं असतात ती हायड्रॅलाझिन ढिली करतं, त्यामुळे जी जीन्स गप्प राहायला हवीत ती बोलायला लागतात. दुसरं, काहींचं लिव्हर हे औषध हळू निपटतं, स्लो ॲसिटिलेटर म्हणतात त्यांना, त्यांच्यात ते जास्त वेळ रेंगाळतं आणि धोका वाढतो. बायकांमध्येही धोका जास्त.

आणि डोस! याच औषधाने होणारा ल्युपस, म्हणजे इम्यून सिस्टिम स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा दुसरा एक आजार, डॉक्टरांना 1950 च्या दशकापासून माहीत आहे. 1984 च्या एका ब्रिटिश अभ्यासात तीन वर्षांत रोज 50 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ल्युपस कुणालाच झाला नाही, 100 वर साधारण 5 टक्के, 200 वर 10 टक्क्यांच्या आसपास. हे आकडे ल्युपसचे हां, व्हॅस्क्युलायटिस त्याहून दुर्मीळ आहे, पण ल्युपस बहुतेकदा औषध बंद केलं की ओसरतो आणि व्हॅस्क्युलायटिस मात्र किडनी घेऊन जाऊ शकतो.

तपासणीतली गंमत अशी की औषधामुळे झालेल्या केसमध्ये रिपोर्ट खिचडीसारखा येतो. एमपीओ अँका खूपच वर, कधी पीआर-3 पण पॉझिटिव्ह, वर एएनए आणि अँटी-हिस्टोन या ल्युपसमध्ये दिसणाऱ्या अँटीबॉडीसुद्धा. एरवी एमपीओ आणि पीआर-3 दोन्ही एकत्र क्वचितच दिसतात, त्यामुळे असा रिपोर्ट हातात आला की गोळ्यांची यादी पुन्हा वाचायची, अगदी वरपासून खालपर्यंत. पक्कं करायला बऱ्याचदा किडनीची बायोप्सी करावी लागते.

पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित तपासणी म्हणजे साधी लघवीची. किडनी दुखत नाही हो, ती बिघडताना आवाज करत नाही, पण लघवीत रक्त आणि प्रोटीन आधी दिसायला लागतं, डोळ्यांना लघवी पिवळीच दिसत असली तरी. हायड्रॅलाझिन बरेच महिने चालू असेल तर लघवी आणि क्रिएटिनिन मधूनमधून बघायला डॉक्टरांना नक्की सांगा.

उपचारात पहिलं काम औषध थांबवणं, पण ते डॉक्टरांनी, दुसरी गोळी लावून, कारण हृदयासाठी चालू असेल आणि तुम्ही अचानक सोडली तर ते वेगळंच प्रकरण होऊन बसेल. खोकल्यातून रक्त आलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी. आजार जोरात असेल तर नुसतं औषध बंद करून भागत नाही, स्टेरॉइड, सोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही इम्यून सिस्टिमला आवरणारी औषधं, आणि किडनी थकली असेल तर डायलिसिस. लवकर पकडलं तर किडनी सावरायची शक्यता खूप वाढते, आणि कारणच काढून टाकलेलं असल्यामुळे पुढची औषधं अनेकदा कमी काळ पुरतात.

एक शेवटचं, ज्यांना हे झालंय त्यांच्या घरच्यांसाठी. फाईलच्या पहिल्या पानावर, जिथे ॲलर्जी लिहितात तिथे, "हायड्रॅलाझिन देऊ नये" असं ठळक लिहून घ्या, कारण बीपी भडकलं की याचंच इंजेक्शन इमर्जन्सीत दिलं जाऊ शकतं, आणि तेव्हा पेशंट सांगायच्या अवस्थेत असेलच असं नाही.