मनी खाते, पण कशी खाते?

(दृश्य : यावल तालुक्यातलं धाब्याचं घर. ओट्यावर मांजर.)

धान्याची पोती घरात आली की उंदीर येतात, म्हणून केळीच्या या पट्ट्यात घरोघरी एखादी मनी असतेच. तिच्या वाट्याला येतो दूध-भाकरीचा काला. मऊ, कुस्करलेला, न चावता गिळता येणारा. म्हणूनच तिच्या ३० दातांपैकी एखादा ठणकत असला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. "खाते ना, मग बरी आहे," असं आपण म्हणतो. पण दुखत असलं तरी मांजर खात राहते.

(दृश्य : मनी ताटलीशी.)

नीट बघा. भूक आहे, धावत येते. घास घेते, मान एकीकडे कलते आणि घास खाली पडतो. कधी ताटलीवरच फिसकारून पळते. पंजाने गाल घासते, लाळ गाळते, तोंडाला घाण वास येतो. अंग चाटणं सोडलं की पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या होतात. अशा वेळी चिडकी झाली म्हणून तिला हाकलू नका, ती कळ सोसतेय.

माणसासारखी कीड मांजरीच्या दातांना सहसा लागत नाही. तिच्या शरीरातल्या पेशीच दात हळूहळू विरघळवतात. हिरडीच्या कडेला लालसर खड्डा दिसतो, पण बराचसा बिघाड आत असतो.

(दृश्य : मनीचा चेहरा, जवळून.)

वेदना चेहऱ्यावरही उमटते. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ती ओळखण्याच्या पाच खुणा मांडल्या : बाहेर वळलेले चपटे कान, आक्रसलेले डोळे, ताणलेलं नाकतोंड, ताठ मिशा, खांद्याखाली झुकलेलं डोकं.

अशा वेळी घरातली पॅरासिटामॉल अर्धीसुद्धा देऊ नका. मांजरीचं शरीर ती निकामी करू शकत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि जीवही जातो. लवंगेचं तेलही नको.

(दृश्य : पशुवैद्यकीय दवाखाना. बैल, शेळ्या, झाकलेली टोपली.)

ढोरांच्या रांगेत मांजर घेऊन उभं राहायला अवघडल्यासारखं होतं. तरी उभं राहा. डॉक्टर भूल देऊन तोंड तपासतात, गरज पडली तर दात काढतात. तालुक्याला ती सोय नसेल तर जळगाव किंवा धुळ्याला कुठे होईल ते त्यांनाच विचारा. दात गेल्यावर खाईल कशी, ही धास्ती नको. हिरड्या भरल्या की बिनदाताची मांजरही पोटभर जेवते. मात्र तिने दिवसभर तोंडात काहीच घेतलं नाही, तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठत जाते, आणि ते दुखणं दातापेक्षा जिवावरचं असतं.